धरणाचा पैसा टेलपासून मोजा



सध्या पारावर वैनगंगेच्या पाण्याची चर्चा आहे. गोसीखुर्दपासून बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत चारशे किलोमीटरच्या वर कालवा, सहा जिल्हे, त्यात आपला वर्धा, आणि खर्च 85 हजार कोटींच्या वर. पाणी कोणाला नको? मलाही पाहिजेच. पण नव्या कालव्याचा नकाशा पाहायच्या आधी जुन्याचा हिशोब पाहू.

आपला निम्न वर्धा प्रकल्प घ्या, आर्वी तालुक्यात धनोडीजवळचा. 1981 साली मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता 48 कोटी. 2009 मध्ये तोच आकडा 2,356 कोटींवर गेला. 2016 साली केंद्रानं देशातले रखडलेले 99 प्रकल्प निवडले, नाबार्डमार्फत पैशाची सोय केली आणि डिसेंबर 2019 ची मुदत ठेवली. त्या यादीतही निम्न वर्धा होता. मान्यतेच्या वर्षी मी शाळेत होतो. आता माझा पोरगा वावर पाहतो.

असं का होते? एकाच वेळी पन्नास कामं काढायची आणि प्रत्येकाला थोडा थोडा निधी द्यायचा. तोवर जमिनीचा मोबदला, सिमेंट, लोखंड, मजुरी सगळं महाग. आधी भिंत होते, मग मुख्य कालवा. मायनर आणि शेतचाऱ्या राहतात शेवटी, आणि तिथंच पैसा संपते. कागदावर मात्र तेवढे हेक्टर ओलिताखाली आले.

माझं स्वतःचं सांगतो. माझं वावर एका जुन्या मायनरच्या टेलला आहे. धरण कोणतं ते लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका धरणाची नाही. मागच्या रब्बीत नमुना 7 भरला, चना पेरला. चन्याला आपल्या भारी जमिनीत दोन पाणी पुरतात, एक फांद्या फुटताना अन् एक घाटे भरताना. पहिलं पाणी आलं. दुसऱ्या पाळीला मायनर मधातच फुटली. वरच्यांचं भिजलं, माझ्या धुऱ्यापर्यंत थेंब आला नाही. धरणात पाणी होतं. दुरुस्तीला निधी नव्हता. घाटे पोचट राहिले.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात कालव्याचं अस्तर टिकत नाही, दरवर्षी हात फिरवावाच लागते. आणि खरं बोलायचं तर आपणही शेतचारी नांगरून वावरात घेतो. तो दोष आपला.

हे फक्त ओलितापुरतं नाही. महाकाळीच्या धाम धरणावर वर्धा शहर आणि आजूबाजूची गावं पाणी पितात. 2019 च्या उन्हाळ्यात तिथं मृत साठ्यावर वेळ आली होती. गाळ साचला की साठा कमी होते, आणि आधी पिण्याचं पाणी राखावं लागते, ते बरोबरच आहे. मग कपात येते कास्तकाराच्या पाळीवर. म्हणून गाळ काढणं हेही पाणी वाढवायचंच काम आहे, फक्त त्याचं भूमिपूजन होत नाही.

माझं म्हणणं तीन गोष्टींचं.

एक, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात शेवटच्या धुऱ्यापर्यंतचा खर्च पहिल्याच दिवशी धरा, आणि तो पैसा वेगळा ठेवा. भिंतीकडे वळवू नका.

दोन, कालवा तुकड्या-तुकड्यानं पूर्ण करा. एका तुकड्यातल्या मायनर, चाऱ्या, बंद पाईप असेल तर व्हॉल्व्हसकट सगळं होऊन टेलला पाणी निघालं, की मगच पुढच्या तुकड्याचा निधी.

तीन, दुरुस्तीला दरवर्षी ठरलेली रक्कम द्या, आणि पाणीपट्टीतला वाटा पाणी वापर संस्थेच्या हाती राहू द्या. 2005 चा कायदा सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्याच्या हाती द्यायसाठीच झाला. पण फुटकी मायनर हाती घेऊन संस्था काय करणार?

15 ऑक्टोबरचा साठा पाहून रब्बीच्या पाळ्या ठरतात. कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. धरणात टक्के किती, हे तर पेपरात येतेच. आपण विचारायचं, गेल्या वर्षी टेलला किती पाळ्या पोचल्या? ते उत्तर लेखी घ्या. वैनगंगेचं पाणी येईल तेव्हा येईल, पण ते याच मायनरमधून वावरात उतरणार आहे.