जवळची सहल

वार्षिक परीक्षा संपल्या आणि शाळांना कुलपे लागली, की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : या सुटीत कोठे जावयाचे? एके काळी मुंबईच्या उपनगरांतील पुष्कळ कुटुंबांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नसे. एप्रिलच्या अखेरीस ट्रंका भरल्या जात आणि कोकणात किंवा देशावर जाणाऱ्या गाड्यांनी मुले आजोळी पोहोचत. आंबे, फणस, विहिरीतले पोहणे आणि रात्री अंगणात ऐकलेल्या गोष्टी यांत त्यांचा महिना सरून जाई. आज अनेक घरांतील आजी-आजोबा मुलांजवळ राहावयास आले आहेत, गावाकडच्या घराला कुलूप आहे, आणि आई व वडील दोघेही नोकरी करीत असल्यामुळे त्यांना मोठी रजा मिळत नाही. ज्यांना परवडते ते थंड हवेच्या ठिकाणी जातात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी सुटी म्हणजे पंख्याखाली कसेबसे काढावयाचे दिवस होऊन बसतात. आणि शाळा उघडल्यावर ‘तू कोठे गेला होतास?’ असे कोणी विचारले, की त्या घरातील मुलाची मान खाली जाते.

वास्तविक ही मान खाली जाण्याचे काही कारण नाही. सहलीचे मोल गाडीच्या तिकिटावरून ठरत नाही. सहलीत काय पाहिले आणि ते कोणाच्या संगतीत पाहिले, यावरून ते ठरते. या दोन्ही गोष्टी ज्यांना आपल्याच शहरात लाभू शकतात, त्यांनी त्या दूर आहेत असे मानून हातची सुटी दवडावी, हे शहाणपणाचे नव्हे.

मुलुंड किंवा घाटकोपर येथे दोन खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या दांपत्याचे उदाहरण घ्यावे. दोघांनाही आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळतो. पण एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत आठ-नऊ रविवार येतात. त्यांतील चार रविवार त्यांनी सहलीसाठी राखून ठेवले, बोरिवलीच्या थोरल्या भावाच्या कुटुंबाला निरोप धाडला, शेजारच्या बिऱ्हाडातील मुलांना सोबत घेतले आणि कचेरीतील एखाद्या स्नेह्याला बोलाविले, तर पंधरा माणसांचा मेळा सहज जमतो. पूर्वी घाटकोपरहून अंधेरीला जावयाचे म्हणजे एक तर दादरला जाऊन गाडी बदलावी लागे, नाही तर बसमध्ये ताटकळावे लागे. जून २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्व आणि पश्चिम उपनगरे एकमेकांच्या जवळ आली आहेत. तेव्हा वाट दूर आहे, ही सबबही आता उरलेली नाही.

आता या मेळ्याने पाहावे तरी काय? पहिला मान अर्थातच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा. दाट वस्तीच्या महानगराच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्राचे अरण्य असावे आणि त्यात बिबटे मोकळे वावरत असावेत, ही गोष्ट जगात क्वचितच कोठे आढळेल. या अरण्यात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० मध्ये पुरा झाला आणि तुळशी १८७९ मध्ये. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकी ते दोन आहेत. मोठ्या धरणांच्या मानाने त्यांचे पाणी थोडे आहे हे खरे. परंतु डोंगरावर झाडे राखली म्हणजे तळ्यात पाणी राहते, हा धडा तेथे मुलांना पुस्तकावाचून मिळतो.

उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या खडकात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे ही बौद्ध भिक्षूंची वस्ती नांदती राहिली. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृह आणि त्याच्या पडवीतील बुद्धाच्या दोन भव्य उभ्या मूर्ती पाहून लहान मुलेही क्षणभर बोलावयाची थांबतात. पण उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याने विशेषकरून पाहावयाची वस्तू निराळीच आहे. ती म्हणजे तेथील पाण्याची टाकी. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून शिल्पकारांनी खडकात बारीक पन्हळी खोदल्या आणि त्यांतून ते पाणी लेण्याशेजारच्या टाक्यांत उतरविले. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरविण्याची ही योजना, ज्या शहरात आजही मे महिन्यात पाण्याची काळजी पडते, त्या शहराने लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे.

त्या टाक्यांवर आणि लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी कोणते लेणे किंवा कोणती ‘पोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले, त्याची नोंद त्यांत आहे. कल्याणच्या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी येथे पाण्याची सोय केली, हे कळले म्हणजे रोज आगगाडीच्या पाटीवर दिसणारे ते नाव मुलांना निराळे वाटू लागते.

दुसरा रविवार ठाण्याच्या खाडीसाठी असावा. उपनगरांच्या पूर्वेस पसरलेल्या या खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात उलटी चोच घालून हे पक्षी सूक्ष्म शेवाळ टिपतात. त्यांच्या पंखांवरील गुलाबी रंगाचे मूळ याच अन्नात आहे. २०१५ मध्ये या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मुलुंडच्या ज्या मुलाला खाडी म्हणजे केवळ दुर्गंधीची जागा असे वाटत आले असेल, त्याने तेथे हजारो पक्ष्यांची गुलाबी रांग एकदा पाहिली, की त्याचे मत आपोआप बदलते.

तिसऱ्या दिवशी अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहावा. सुमारे दोनशे फूट उंचीचा हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला आहे. उभे खांब एकाला एक चिकटवून ठेवावेत तशी त्याची घडण आहे. अशाच घडणीचा ‘डेव्हिल्स टॉवर’ नावाचा डोंगर अमेरिकेत आहे आणि तो पाहावयास लोक दूरदूरच्या देशांतून जातात. अंधेरीच्या कातळाखालून मात्र हजारो लोक मान वर न करता रोज ये-जा करतात. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. पायऱ्या चढून तेथे गेले म्हणजे चोहोंकडे उपनगराचा विस्तार दिसतो. चौथी संध्याकाळ जुहूच्या किंवा गोराईच्या वाळूत काढावी. तिची योजना मुलांवरच सोपवावी.

यावर काही आक्षेप घेतले जातात. ऊन फार असते, हा पहिला. तो खरा आहे. परंतु सकाळच्या पहिल्या गाडीने निघावे आणि दुपार तापण्यापूर्वी सावलीला यावे, हा त्यावर साधा उपाय आहे. सर्वत्र गर्दी असते, हा दुसरा. पण गर्दी थंड हवेच्या ठिकाणीही असतेच, आणि तेथे ती अधिक पैसे मोजून सोसावी लागते.

तिसरा आक्षेप सहसा बोलून दाखविला जात नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सहलीच्या दिवशी घरातील स्त्री पहाटे चारला उठते, पंधरा माणसांच्या पुऱ्या लाटते, भाजी करते, डबे भरते, दिवसभर वाढते आणि रात्री परत आल्यावर भांडी घासते. इतरांची ती सहल असते. तिला मात्र ते दुप्पट काम असते. ज्या सहलीने घरातील एका माणसाचा विसाव्याचा दिवस हिरावून घेतला, ती कितीही स्वस्त असली तरी महागच पडली म्हणावयाची. म्हणून नवऱ्याने आदल्या दिवशी बाजारहाट करावा, प्रत्येक बिऱ्हाडाने एकेक जिन्नस आणावा, मुलांनी पाणी भरावे, आणि परतल्यावर भांड्यांना सर्वांचे हात लागावेत. दशम्या, चटणी आणि कांदा एवढ्यावरही सहल उत्तम होते. कान्हेरीच्या वाटेवर काकड्या आणि करवंदे घेऊन बसलेल्या आदिवासी बायांकडून थोडे विकत घ्यावे. त्यात आपली सोय होते आणि त्यांनाही चार पैसे मिळतात.

यापुढे एक कर्तव्य उरते. अरण्य, खाडी, कातळ आणि किनारा यांवर कोणा एकाची मालकी नाही, म्हणूनच ती सर्वांना लाभतात. परंतु जे सर्वांचे असते ते कोणाचेच नाही असे मानण्याची खोड समाजाला आहे. उष्ट्या पत्रावळी व पिशव्या तेथेच टाकणे, माकडांना खाऊ घालून त्यांना धीट करणे, लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने नावे खरडणे, हे प्रकार सुशिक्षितांच्या हातूनही घडतात. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांची नावे त्या खडकावर कोरली गेली, त्यांनी आधी तहानलेल्यांसाठी टाके खोदविले होते. काही न देता तेथे आपले नाव उमटविणारा स्वतःचे लहानपणच दगडावर लिहून ठेवतो. नेलेला कचरा परत आणणे, एवढे दान तर पाच वर्षांचे मूलही देऊ शकते.

अशा चार रविवारांनी खर्च फारसा होत नाही, पण जमा पुष्कळ होते. एकाच शहरात राहून केवळ लग्नकार्यात भेटणारी भावंडे एकमेकांना ओळखू लागतात. आजोबांना आपल्या गावाच्या गोष्टी सांगावयास झाडाची सावली आणि ऐकावयास नातवंडे मिळतात. जे शहर मुलांना आजवर केवळ गाड्यांचे आणि घाईचे वाटत होते, ते त्यांना आपले वाटू लागते. आणि जे आपले वाटते त्याची काळजी घ्यावी, हे निराळे शिकवावे लागत नाही. मग जून महिन्यात वर्गात कोणी ‘तू कोठे गेला होतास?’ असे विचारले, तर त्या मुलाने मान वर करून उत्तर द्यावे, ‘मी माझे गाव पाहिले.’ त्या गावाचे नाव मुंबई आहे, एवढेच.