प्रवासातील सोबती

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक नावाचा ब्राह्मण चारुदत्ताच्या भिंतीस भोक पाडतो व माप घेण्यास गळ्यातील जानवे वापरतो. हा प्रसंग शिकविताना मुले हसत; मीही हसे. सभ्यतेचे चिन्ह चोरास किती उपयोगी पडते, हे मात्र मला सावंगीहून मुंबईस गेलो तेव्हा दादरच्या फलाटावर कळले.

एका नीटस तरुणाने वाकून नमस्कार केला. आपल्या वर्ध्याकडची बोली, त्यात ‘गुरुजी’ ही हाक! पाकीट मारले गेले म्हणाला. पाचशे रुपये रोख द्यावे, भाऊ तत्काळ आपल्या खात्यात धाडील. मग त्याने फोनवरील ठिपक्यांची चौकट पुढे केली. ही टिपून पिन टाका, म्हणजे रक्कम जमा होईल! मी टाकला आणि आणखी चार हजार गेले. वाचकहो, पिन पैसे देण्यास लागतो, घेण्यास कधीही नाही. संप्रदान-अपादानाचा भेद मी जन्मभर शिकविला, आणि येथे चुकलो.

अशा वेळी विलंब न करिता १९३० या क्रमांकावर कळविल्यास रक्कम वाटेतच अडविली जाण्याचा संभव असतो. मी लाजेने घरातही बोललो नाही. पुढील महिन्यात आमचे शेजारी लेकीकडे पुण्यास निघाले. सौभाग्यवतीने त्यांस दशम्या बांधून दिल्या. मी गप्प राहिलो. ते तशाच चौकटीपायी बारा हजार गमावून परतले.

हा मजकूर प्रथम त्यांसच वाचून दाखविला आहे.