मुलाखत, ओळख आणि वशिला

मैसूरच्या पश्चिमेला बोगादी हे पूर्वी गावच होते. आता तिथे वसाहती झाल्या आहेत. युनियनच्या कामाने आम्ही मैसूरला गेलो असता तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे उतरलो होतो. अशोकपुरमच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांनी सारी नोकरी काढली. धाकटा मुलगा डिप्लोमा करून घरी बसलेला. घरात मराठी, शाळा कानडी आणि मुलाखत इंग्रजीत. तीन ठिकाणी जाऊन आला, तिन्ही ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले, कोणीही कळवले नाही.

आम्ही विचारले, “काय विचारतात रे?” तो म्हणाला, “काका, पहिला प्रश्न ठरलेला, स्वतःबद्दल सांगा. मी नाव, वडिलांचे नाव, मार्क सांगतो आणि गप्प बसतो.”

जेवताना सहज बोलता बोलता कळले की प्रशिक्षणाच्या वेळी बंद पडून असलेले एक लेथ मशीन या मुलाने दुसऱ्या एकाच्या मदतीने उघडून चालू केले होते. हे मुलाखतीत सांगितलेस का? तर नाही. “स्वतःच्या तोंडाने कसे सांगायचे?” कामगारांच्या घरात मोठ्यांसमोर कमी बोलायचे आणि साहेबासमोर मुळीच बोलायचे नाही, असे वळण आपणच लावले. त्याची किंमत आता मुले मोजीत आहेत. आम्ही त्याला सांगितले, बाबा रे, लेथची हकीकत हेच तुझे उत्तर. काय बिघडले होते, तुला ते कसे समजले, तू काय केलेस, एवढे चार वाक्यांत सांग. इंग्रजी मोडके असले तरी चालेल, काम मोडके नव्हते. येत नसेल ते ‘येत नाही, शिकेन’ असे म्हण. रात्री अकरापर्यंत त्याच्या वडिलांना साहेब करून खुर्चीत बसवले आणि पाच वेळा हेच बोलून घेतले. वडील हसू आवरीत होते, पण पाचव्या वेळी मुलगा नीट बोलला. याच कामाला क्लासवाले हजारो रुपये घेतात.

रेल्वेत हा प्रश्न आता उरलेला नाही. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क, गट ड आणि गट ब मधील अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखती काढून टाकल्या. आमच्या मते हे बरे झाले, कारण तोंडी मार्कांच्या आडून काय चालत असे ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण सरकारी दार अरुंद झाले. २०१९ साली रेल्वेने सुमारे पस्तीस हजार पदांची जाहिरात काढली तेव्हा सव्वा कोटी अर्ज आले. तेव्हा आपल्या बहुतेक मुलांना खाजगी नोकरीच्याच दारात उभे राहायचे आहे, आणि तिथे मुलाखत आहे, ओळखही आहे.

ओळख म्हटले की आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याला कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर आपल्या गावची, भावकीची माणसे भरायचा आणि कामावर घेण्यासाठी, कामावर ठेवण्यासाठी दस्तुरी खायचा. १९३१ च्या रॉयल कमिशनने, ज्यावर आपले ना. म. जोशी सभासद होते, भरती जॉबरच्या हातून काढून घ्यावी असे सुचविले. १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली तीही याच दुखण्यावर औषध म्हणून. पण त्याच काळात गावकऱ्यांच्या खोल्यांतून आणि खाणावळीतून कोकणचा, घाटावरचा माणूस ‘अमक्या गिरणीत जागा आहे’ हे ऐकत होता. ते ऐकणे म्हणजे वशिला नव्हे. जागा आहे हे सांगणे ही ओळख. पैसे घेऊन दुसऱ्याची जागा देणे हा वशिला.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली छापलेली एक गोष्ट आम्हांस फार पटली. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारले, सांगणारा माणूस तुम्हांला किती वेळा भेटत असे? नेहमी भेटणारे शंभरात सतराच निघाले. बाकीचे कधीमधी भेटणारे, नाहीतर क्वचित. जवळच्या माणसाला तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते! म्हणून मामा-काकांनाच पुन्हा पुन्हा विचारण्यात अर्थ नाही. जुना शिक्षक, वडिलांबरोबर अप्रेंटिस असलेला आणि आता दुसऱ्या गावी असलेला माणूस, यांना विचारावे. नोकरी मागू नये, माहिती मागावी. आणि कोणी पैशांचा आकडा सांगितला की तिथून उठावे. रेल्वेत लावतो म्हणणाऱ्या दलालांना शेत विकून पैसे दिलेली माणसे आमच्याकडे रडत आली आहेत.

मुलाखत पार पडली म्हणजे झाले, असेही नाही. याच मैसूरच्या इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रातून फेब्रुवारी २०२५ मध्ये शेकडो नव्या मुलांना काढले. कंपनीने आकडा तीनशेच्या वर सांगितला, पुण्याच्या ‘नायटेस’ या संघटनेने सातशे. त्यातल्या अनेकांनी नेमणुकीच्या पत्रानंतर दोन वर्षे वाट पाहिली होती. चाचणी पास होण्याच्या तीन संधी दिल्या होत्या आणि तशी अट करारात होती, असे कंपनीचे म्हणणे. म्हणजे अट कागदावर होतीच. नोकरीच्या आनंदात कागद कोण वाचतो? ‘तुम्हांला काही विचारायचे आहे का?’ असे मुलाखतीच्या शेवटी म्हणतात तेव्हा आपली मुले मान हलवतात. तिथेच विचारावे: प्रशिक्षण किती महिने, नापास झाल्यास काय, पत्र कंपनीचे की ठेकेदाराचे, प्रॉव्हिडंट फंड कोणाच्या नावे. मूळ सर्टिफिकेटे कोणाकडे ठेवू नयेत.

शाखांनी महिन्यातून एक रविवार युनियन ऑफिस यासाठी उघडे ठेवावे. निवृत्त सभासदांनी यावे, साहेब होऊन खुर्चीत बसावे. बोगादीच्या त्या मुलाला आम्ही निघताना हुबळीच्या एका निवृत्त चार्जमनचे नाव दिले. आठ दिवसांनी चौकशी केली, तर त्याने अजून फोन केलेला नव्हता. काय बोलू, म्हणतो. लेथचे बोल, म्हणून पुन्हा सांगितले आहे.