वानराच्या मनात काय?



माजलगावच्या एका भगिनीचं पत्र आलंय. ‘गच्चीवर वानरं येतात. माझं बाळ पाच महिन्यांचं. लवूळला पिल्लं नेली तसं काही होईल का? वानरं खरंच डूख धरतात?’

लवूळ त्यांच्याच तालुक्यातलं. २०२१ च्या डिसेंबरात तिथं वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेली आणि त्यातली बरीच दगावली. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड, असं बोललं गेलं. अडीचशे पिल्लं मेल्याचा आकडा पार परदेशी वर्तमानपत्रांत पोचला. (एका गावात इतकी पिल्लं येणार कुठून, तुम्हीच सांगा!) शेवटी नागपूरच्या वन पथकानं दोन वानरं पकडून नेली.

माकडं राग विसरतात असं मात्र नाही हं. जपानी माकडांत मार खाल्लेलं माकड मारणाऱ्याच्या नातेवाइकावर राग काढतं, असं १९९२ मध्ये अभ्यासकांनी नोंदवलं. सासूचा राग नणंदेवर, तसंच! पण ते एकाच कळपातलं. गावभर कुत्र्यांचं कुळ शोधत फिरणं मला काही पटत नाही.

मला वाटतं ते वेगळंच. वानरांत बाळ जन्मलं की मावश्या-काकवांची झुंबड उडते. पहिल्या दिवसापासून बाळ या हातातून त्या हातात. कुंईकुंई करणारं मऊ पिल्लू दिसलं, घेतलं उचलून, बसली उवा-पिसवा वेचत. वानराचं पोर पोटाच्या केसांना मुठीनं घट्ट धरतं. कुत्र्याच्या पिल्लाला ते कुठलं जमायला? वर दूध नाही, उतरायला वाट नाही. भुकेनं जातं, नाहीतर पडतं. मारायचा बेत नसतानाही जीव जातोच.

म्हणून सूड नसला तरी, ताई, मालिश झाल्यावर बाळाला गच्चीवर उन्हात एकटं ठेवू नका, अगदी कुरडया उलटण्यापुरतंसुद्धा. शिळी पोळी घालू नका. काल मिळालं तिथं वानर आज येणारच. समोर आलं तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवू नका, पळायची वाट मोकळी ठेवा. चावलंच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.