टाकीत पेट्रोल फुल, तरी गाडी टोईंगवर

मागच्या महिन्यात काटई नाक्याजवळ आमच्या ओळखीच्या एका काकांची गाडी बंद पडली. रिटायर्ड बँकवाले, राहतात डोंबिवली पूर्वेला. काकूंना उपचारासाठी ठाण्याला नेत होते. टाकीत पेट्रोल होतं, टायर नवे होते. डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टिमचा दिवा लागला आणि गाडी बसली ती बसलीच. काकूंना रिक्षात बसवलं, गाडी टोईंगवर चढवली.

आता बॅटरी म्हटलं की आपल्याला बॉनेटखालची काळी पेटी आठवते. स्टेशनरोडच्या दुकानात जायचं, जुनी द्यायची, नवी घ्यायची, अर्ध्या तासात घरी. हायब्रिडची ती वेगळी. तिथे सीटखाली, मागच्या सीटच्या पाठीशी किंवा डिकीजवळ मोठा पॅक असतो. आत पुष्कळ सेल एकामागे एक जोडलेले. मालगाडीसारखं समजा, एक डबा रुळावरून घसरला की अख्खी गाडी उभी. शिवाय बहुतेक स्ट्राँग हायब्रिडना वेगळा स्टार्टर नसतो, इंजिनसुद्धा त्याच पॅकवर सुरू होतं. म्हणून पेट्रोल असूनही काका रस्त्यावर.

सर्व्हिस सेंटरने (नाव लिहीत नाही, विचारू नका) सांगितलं, पूर्ण पॅक बदला. काका म्हणाले, "अरे, हा आकडा बॅटरीचा आहे की गाडीचा?" गाडी विकली असती तर जवळपास तेवढेच आले असते. नेमकं काय बिघडलंय ते लेखी द्या म्हटलं तर टाळाटाळ. पार्ट कधी येईल? "मागवावा लागेल." मग कुणीतरी एक मेकॅनिक सुचवला. तो खराब मॉड्युल तेवढं बदलून देतो, पैसे खूपच कमी. यात फसवणूक आहेच असं नाही, जगभर अशी दुरुस्ती चालते. पण जुन्या पॅकमध्ये एक नवं मॉड्युल घातलं की काही महिन्यांत शेजारचं दुसरं मान टाकू शकतं. आणि या पॅकचा व्होल्टेज घरातल्या प्लगच्या आसपास असतो, तोही डीसी. केशरी रंगाच्या वायर दिसल्या की हात लावू नये एवढंही माहीत नसलेला माणूस तो उघडत असेल, तर जीवाशी खेळ आहे.

हे एका काकांचं रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. हायरायडर आणि ग्रँड विटारा २०२२ मध्ये आल्या, त्याच वर्षी सिटी हायब्रिड, पाठोपाठ हायक्रॉस. पलावापासून घोडबंदरपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघा. आणि घेणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शिळफाट्याच्या जॅममध्ये इंजिन बंद ठेवून पुढे सरकणारी गाडी ही आपल्यासाठीच बनवल्यासारखी आहे. या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी मिळते. म्हणजे पहिल्या गाड्यांची वॉरंटी २०३० मध्ये संपायला लागेल. रोज डोंबिवली-बीकेसी करणाऱ्यांची त्याआधीच. बॅटरी त्याच दिवशी मरेल असं नाही, अनेक पॅक आरामात पुढे चालतात. पण मरेल तेव्हा ती बहुधा दुसऱ्या मालकाच्या हातात असेल. सेकंडहँड घेणारा माणूस हा पहिल्यापेक्षा कमी पैशाचा असतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

(जुन्या सियाझ-अर्टिगावर 'एसएचव्हीएस' लिहिलंय त्यांनी घाबरू नका. ती माइल्ड हायब्रिड, प्रकरण बरंच छोटं.)

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. छान. पण माझं म्हणणं साधं आहे. बॅटरी पॅकची आणि सुट्या मॉड्युलची किंमत कंपनीने जाहीर लावावी. गाडी विकताना पीयूसी मागतो तसा बॅटरीच्या तब्येतीचा कागद सक्तीचा व्हावा. कल्याण आणि ठाणे आरटीओत मालकी बदलताना तो बघितला जावा. आणि आपल्या आयटीआयमधल्या पोरांना हे काम रीतसर शिकवा, रोजगार रोजगार म्हणून भाषणं ठोकता ना?

मेलेल्या पॅकचं काय, तेही बघायला हवं. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकाची. तो भंगारवाल्याकडे जायला नको. आधारवाडीचा धूर आपण वर्षानुवर्षं खाल्लाय.

काकांची गाडी अजून बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी आहे. ठाण्याच्या फेऱ्या ओलाने चालू आहेत. तुमच्यापैकी कुणी हायब्रिडची मोठी बॅटरी बदलली असेल तर गाडी किती वर्षांची होती, किती किलोमीटर झाले होते आणि बिल किती आलं ते खाली लिहा. काकांना दाखवायचंय.