डुकरांचा ज्वर आणि लशीचा भरवसा

2020 साली आसाम व अरुणाचल प्रदेशात डुकरे पटापट मरू लागली आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने त्या मृत्यूंचे कारण आफ्रिकी वराहज्वर असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हापासून ईशान्येकडील राज्यांत या रोगाने ठाण मांडले आहे. तेथील डोंगरी कुटुंबात डुक्कर ही घरची ठेव असते. मुलांची फी, आजारपण, नाताळचा खर्च तिच्यावर निभावतो. घरामागे बांबूच्या मचाणावर बांधलेल्या गोठ्यात रोज संध्याकाळी पातेल्याचा आवाज ऐकताच धावत येणारे जनावर एके दिवशी कोपऱ्यात मुटकुळे करून पडते, त्याच्या कानांची नि पोटाची कातडी जांभळी पडत जाते, आणि पाहता पाहता सारा गोठा ओस पडतो. अशा हवालदिल झालेल्या माणसाने ‘लस कधी येणार?’ असे विचारावे हे रास्तच आहे. परंतु लशीवर एकदा मंजुरीचा शिक्का उमटला की सरकारचे कर्तव्य संपले, अशी समजूत कोणी करून घेईल, तर ती घातक ठरेल.

व्हिएतनामचा अनुभव या दृष्टीने मननीय आहे. 2019 च्या फेब्रुवारीत तेथे हा रोग शिरला आणि त्या एका वर्षात सुमारे 60 लाख डुकरे नष्ट करावी लागली. अमेरिकी शास्त्रज्ञांनी जॉर्जिया देशातील विषाणूचे एक जनुक काढून टाकून त्याला दुर्बल केले. त्यापासून बनविलेली लस व्हिएतनामी शासनाने जून 2022 मध्ये मंजूर केली, ऑगस्टमध्ये टोचलेली काही डुकरे दगावताच तिचा वापर तहकूब केला, आणि पुढे चौकशी व परीक्षणे होऊन जुलै 2023 मध्ये देशभर वापराची मुभा दिली. ही सावधगिरी स्तुत्यच होती. मात्र त्याच वर्षी चिनी संशोधकांनी जाहीर केले की, पहिल्या व दुसऱ्या जनुकप्रकाराच्या विषाणूंच्या संकरातून निपजलेला एक नवा विषाणू त्यांच्याकडील डुकरांत वावरत आहे, आणि दुसऱ्या प्रकारावर गुणकारी ठरलेली त्यांची स्वतःची लस या संकरापुढे निष्प्रभ ठरते. हाच संकर पुढे उत्तर व्हिएतनाममध्येही आढळला.

विषाणू पालटला की लस निकामीच होते, असेही नाही. जुन्या, अभिजात वराहज्वराविरुद्ध आपल्याकडे सशांत पोसून दुर्बल केलेल्या विषाणूची लस कित्येक दशके चालत आली आहे. मधल्या काळात मोकाट विषाणूचा वंश बदलला, तरी तिचे संरक्षण टिकून राहिले. तेथील अडचण पुरवठ्याची होती, कारण एका सशाच्या प्लीहेतून जेमतेम 50 मात्रा निघत. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनाची रीत काढून त्यावर उपाय दिला. उलट 2013 साली मिझोराममध्ये प्रकटलेला, गाभण माद्यांचे गर्भ पाडणारा व पिलांचा श्वास कोंडणारा ‘पीआरआरएस’चा विषाणू इतक्या वेगाने रूप पालटतो की, एका वाणाची लस दुसऱ्या वाणावर कितपत चालेल याची हमी देता येत नाही, डेन्मार्कमध्ये तर 1996 साली लशीतलाच जिवंत विषाणू पुन्हा उग्र होऊन न टोचलेल्या कळपांत पसरला.

म्हणून आफ्रिकी वराहज्वराची लस आणण्याची तजवीज होईल, तेव्हा तिची कसोटी जॉर्जियातील विषाणूवर नव्हे, तर आसाम-मिझोरामच्या गोठ्यांत आज वावरणाऱ्या विषाणूवर लागली पाहिजे, आणि ती दरवर्षी नव्याने लागली पाहिजे. हे सारे अवलंबून आहे ते मेलेल्या डुकराचा नमुना वेळेवर हाती येण्यावर, आणि नेमकी तेथेच आपली व्यवस्था लंगडी आहे. सध्याच्या शिरस्त्याप्रमाणे भरपाई मिळते ती सरकारी हुकमाने मारलेल्या डुकरांची; रोगाने आपोआप मेलेल्यांची नाही. मग ज्याची चार डुकरे एका रात्रीत गेली, तो मनुष्य पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्यायला कशाला जाईल? उरलेली दोन तो सकाळीच विकून मोकळा होतो, आणि ज्या रक्तावरून भोपाळला नव्या विषाणूचा पत्ता लागावयाचा, ते बाजाराच्या वाटेने निघून जाते. रोगाने मेलेल्या जनावराचीही भरपाई देण्याचा हुकूम लशीच्या मंजुरीआधी निघावा, अशी आमची मागणी आहे.