उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण : कागदावरचे आणि आपल्या वाटेवरचे

स्मरणिका म्हटली की मागे वळून पाहणे ओघानेच येते. वसतिगृहातील दिवस, गुरुजनांचे ऋण, सोबत्यांच्या आठवणी यांवर या अंकात इतरांनी लिहिले असेलच. आम्ही मात्र शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या पुढच्या वाटेचा एक प्रश्न माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवू इच्छितो. तो प्रश्न आहे उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा. शब्द जड आहे आणि मुरुमसारख्या गावी तो परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचा आपल्याशी असलेला संबंध फार जुना आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या संकल्पनेला मानाचे स्थान दिले. अभ्यासकांच्या मांडणीत तिचा अर्थ व्यापक आहे. कॅनडातील अभ्यासक जेन नाइट यांनी २००३ साली केलेली व्याख्या बहुतेक ठिकाणी आधाराला घेतली जाते. तिचा आशय असा की, उच्च शिक्षणाचे हेतू, त्याचे कार्य आणि ते देण्याची रीत या सर्वांत आंतरराष्ट्रीय व आंतरसांस्कृतिक दृष्टी मुरवण्याची प्रक्रिया म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण. म्हणजे केवळ विमानात बसणे नव्हे. अभ्यासक्रम, ग्रंथ, अध्यापक, भाषा या सर्वांची देवाणघेवाण त्यात येते. विचार म्हणून तो उदात्त आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. व्यवहारात मात्र एक साधा प्रश्न उरतो : या विद्येचा पोशिंदा कोण, आणि लाभार्थी कोण?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधले तर ते नालंदेत सापडते. चीनमधून ह्युएन-त्सँग सातव्या शतकात तेथे आले, शीलभद्रांपाशी अध्ययन केले, परत जाताना शेकडो ग्रंथ नेले आणि उरलेले आयुष्य त्यांच्या भाषांतरात घालवले. त्यांच्यानंतर इ-त्सिंग आले. नालंदेची ही कीर्ती आपण अभिमानाने सांगतो. पण ह्युएन-त्सँग यांच्या चरित्रातील दुसरी एक नोंद आपल्या व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येते. विहाराच्या खर्चासाठी राजाने सुमारे शंभर गावांचा महसूल लावून दिला होता. त्या गावांतून रोज तांदूळ, तूप आणि दूध विहारात पोहोचत असे. म्हणून भिक्षूंना अन्नवस्त्राची चिंता न करता अध्ययन करता येई. अर्थ स्पष्ट आहे. ज्या विद्यापीठाला आपण जगातील आद्य आंतरराष्ट्रीय विद्यापीठांपैकी एक म्हणतो, ते शेतकऱ्यांच्या धान्यावर उभे होते. विद्या जगाची होती, खर्च गावांचा होता. म्हणूनच विद्येवर गावाचा हक्क आहे, ही आमच्या विवेचनाची पहिली पायरी.

आपल्या जिल्ह्यालाही जगाशी संबंध नवा नाही. तेर, म्हणजे प्राचीन तगर, या बाजारपेठेचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तेथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पाँपेई येथे सापडलेली मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक जाणकारांचे मत आहे. जगाच्या वाटा एके काळी आपल्या शिवारातून जात होत्या.

पुढे त्या वाटा आखडल्या. निजामाच्या राज्यात उस्मानाबाद जिल्ह्यातील मुलाला पदवीचे शिक्षण घ्यायचे तर बहुधा हैदराबादचा रस्ता धरावा लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला परक्या भाषेतील उच्च शिक्षण अनुभवण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. त्यांच्यातील फार थोड्यांना ते परवडले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कोठे ही कोंडी फुटू लागली. नागसेनवन आणि मिलिंद ही नावे उच्चारताना हे विसरता कामा नये, की ग्रीक राजाने प्रश्न विचारावेत आणि भारतीय भिक्षूने उत्तरे द्यावीत, अशा संवादाची स्मृती बाबासाहेबांनी मराठवाड्यातील शिक्षणसंकुलाला जोडून दिली.

बाबासाहेबांचे स्वतःचे परदेशी शिक्षण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. तरीही त्याचा हिशेब पुन्हा मांडणे अगत्याचे वाटते. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी असा तो करार होता. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए.साठी प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहिला. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले; परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्यतेमुळे राहायला जागा मिळेना. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने हात दिला आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि दरम्यान बॅरिस्टरी, अशा पदव्या त्यांनी मिळवल्या.

या हिशेबातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, असामान्य बुद्धीलाही पोशिंदा लागतो. पैसा तुटला की बाबासाहेबांचाही अभ्यास तुटला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे शेकडा अडतीसही नाहीत. चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाचे ते गुण होते. त्यावरून त्याची योग्यता ठरवली गेली असती, तर कोलंबियाचे दार त्याच्यासाठी उघडलेच नसते.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आलेली असून तिच्यात देशभरासाठी १२५ जागा आहेत. या योजनांनी अनेक घरांचे भाग्य पालटले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु त्यांच्या अटींचा प्रवास काळजी वाटावी असा आहे. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे प्राचीन भारतातील व्यापारावरचा प्रबंध आणि जातिसंस्थेवरचा निबंध, ही बाबासाहेबांची दोन्ही कामे त्या कसोटीला उतरली नसती. २०२४ साली राज्याच्या योजनेत ७५ टक्के गुणांची अट घालण्यात आली. तिला विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि तो योग्यच होता. आमचा आक्षेप एका अटीपुरता नाही. शिष्यवृत्ती हा हक्क आहे की कृपा, याबद्दल जी संदिग्धता अशा निर्णयांतून डोकावते, तिला आहे.

याच काळात आंतरराष्ट्रीयीकरणाचे दुसरे रूप थाटामाटाने येत आहे. २०२३ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याची वाट मोकळी झाली. जून २०२५ मध्ये यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आदी पाच परदेशी संस्थांना नवी मुंबई परिसरासाठी इरादापत्रे देण्यात आली. त्यांचे स्वागत करायला हरकत नाही. मात्र या शाखांना आपले शुल्क स्वतः ठरवण्याची मुभा आहे. नवी मुंबई मुरुमपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पण खरे अंतर किलोमीटरचे नाही, त्या शुल्काचे आहे. कोरडवाहू चार एकरांच्या धन्याला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला परदेशी विद्यापीठ मुंबईजवळ आले काय आणि लंडनलाच राहिले काय, फरक पडत नाही. खरेदीची ऐपत असलेल्यासाठी दुकान जवळ आले, एवढाच त्याचा अर्थ होऊ नये.

गरीब घरातील हुशार मुलगी परदेशी जायचे ठरवते तेव्हा तिच्यापुढे काय काय उभे राहते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आधी माहितीच नसते. कोणता अभ्यासक्रम, कोणते विद्यापीठ, अर्ज कधी करायचा, हे सांगणारे घरात कोणी नसते. मग इंग्रजीची परीक्षा, तिचे शुल्क, प्रत्येक विद्यापीठाचे अर्जशुल्क, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, पासपोर्ट. त्यासोबत जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि त्यासाठी उमरग्याच्या तहसिलात खेपा. प्रवेश मिळाला तरी जागा राखण्यासाठी आगाऊ रक्कम मागितली जाते आणि शिष्यवृत्तीची यादी लागेपर्यंत ती कोठून आणायची, हा प्रश्न उरतो. तारण ठेवायला काही नसेल तर मोठे कर्ज मिळत नाही. यांतील एकही अडचण बुद्धीची नाही. पण यांतल्या कोणत्याही एका पायरीवर बुद्धी अडून बसते.

काही वडीलधारे विचारतात, परदेशाचा हा हट्ट कशाला? गेलेली मुले परत येत नाहीत, गावाला काय मिळते? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर आम्हांला धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात सापडते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले कोसंबी बौद्ध धर्माच्या ओढीने सिलोन व ब्रह्मदेशापर्यंत गेले, तेथे पाली शिकले. परतल्यावर त्यांना सयाजीराव महाराजांनीच महिना ५० रुपयांची वृत्ती दिली, ती महाराष्ट्रात राहून अध्ययन-लेखन करावे या अपेक्षेने. १९१० मध्ये ते ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. परदेशी मिळवलेली विद्या त्यांनी सोप्या मराठीतून घराघरांत पोहोचवली. परत येणे म्हणजे देहाने गावी राहणे एवढेच नव्हे. आपल्या भाषेत लिहिणे, आपल्या माणसांना शिकवणे, मागून येणाऱ्याला वाट दाखवणे, हेही परत येणेच आहे.

आंतरराष्ट्रीयीकरणाची दुसरी दिशाही आपण विसरू नये. जग आपल्याकडेही शिकायला येते. परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहूनच डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली पुण्यात सिंबायोसिसची स्थापना केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. पालीमुळे श्रीलंका, थायलंड, म्यानमार हे देश आपले विद्याबंधू ठरतात. आपल्या शाळांतून पालीचे चांगले शिक्षण मिळाले, तर हा संबंध वंदनेपुरता न राहता ज्ञानव्यवहाराचा होईल. शिवाय सीमेवरच्या या भागात मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू सहज कानांवर पडतात. अनेक भाषांत वावरण्याची ही सवय म्हणजे आपल्या मुलांचे भांडवल आहे. त्यात इंग्रजीची भर पडावी, मराठी वजा होऊ नये.

मग आपण काय करावे? शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे : जागा वाढवाव्यात, विषयांवरील बंधने नसावीत आणि निवडयादी परदेशी विद्यापीठांच्या वेळापत्रकाच्या आत लागावी. १९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तरतूद मागितली होती. ती याचना नव्हती, वाट्याचा हिशेब होता. आपली मागणीही त्याच स्वराची असावी.

परंतु सर्व काही शासनावर सोपवून भागणार नाही. विद्यार्थ्यांना अर्ज लिहिण्यापासून मुलाखतीपर्यंत मार्गदर्शन करणारी, यवतमाळात उभी राहिलेली ‘एकलव्य’सारखी संस्था पहिल्या पिढीतील तरुणांनीच घडवली आहे. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, कोणी त्याहूनही दूर आहेत. त्यांनी तीन कामे अंगावर घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. एक, आठवीपासूनच्या मुलांशी वर्षातून काही दिवस बोलावे. पुढचे शिक्षण कोठे व कसे मिळते, हे त्यांना प्रत्यक्ष सांगावे. दोन, परीक्षाशुल्क, अर्जशुल्क आणि आगाऊ रकमेसाठी एक छोटा फिरता निधी उभा करावा. शिष्यवृत्ती हाती आली की विद्यार्थ्याने रक्कम परत करावी आणि ती पुढच्याला मिळावी. तीन, शाळेच्या ग्रंथालयाला दरवर्षी काही चांगली पुस्तके द्यावीत. पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलीचा अर्ज मुलाच्या अर्जाइतक्याच हौसेने भरा.

नालंदेला शंभर गावांनी पोसले. आपल्या शाळेतून एक मूल जगाच्या विद्यापीठात पोहोचवायला शंभर घरे एकत्र आली, तरी पुरे आहे. ती शंभर घरे मुरुम आणि पंचक्रोशीत आहेत, याबद्दल आम्हांला शंका नाही. त्यांनी या वर्षीच एकत्र बसावे आणि पहिल्या विद्यार्थ्याचे नाव ठरवावे.